हातगुण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पप्पांना नाही, आणि फादरना तर नाहीच नाही.

आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. पप्पा केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, पुढे फरीदाबादला घर घेतलं आणि इथलेच झाले. दर वर्षी ईस्टरच्या आधी मी कन्फेशनला जाते. जाळीपलीकडे फादर कान देऊन बसलेले असतात आणि मी गुडघे टेकून सांगत जाते — रागावले, सासूबाईंना उलट बोलले, दोन रविवार चुकवले. किरकोळ पापं मी इतक्या मनापासून सांगते की फादरना वाटत असेल, ही बाई काहीच लपवत नाही. मग ते प्रार्थना सांगतात, मी ती म्हणते आणि हलकी होऊन घरी येते. खोटं कशाला बोलू, खरंच हलकी होते. मधलं एक पान मी दर वर्षी न वाचता उलटते, आणि आता त्याचीही सवय झाली आहे.

का उलटते? कारण फादर काय म्हणतील ते मला पाठ आहे. म्हणतील, मुली, जा आणि तिला सांग. देवाकडे क्षमा मागायला मला जड जात नाही. देव काही पानिपतला राहत नाही.

तुम्ही तिला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगते आहे. यात धीटपणा वगैरे काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

तिचं नाव सुनीता. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी फरीदाबादच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो, एकाच बेंचच्या दोन बाजूंना. ती पानिपतची. वडील हातमागावर खेस विणायचे — खेस म्हणजे तिकडची जाड सुती चादर. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. पप्पांना ती पहिल्या भेटीत आवडली. पानिपत म्हटल्यावर कुठल्याही मराठी माणसाचं जे होतं ते पप्पांचं झालं. त्यांनी एक लांब उसासा सोडला. आम्ही ख्रिस्ती असलो म्हणून काय झालं, त्या लढाईचं दुःख आमच्याही वाट्याला आलेलं आहे. सुनीता हसून म्हणाली, अंकल, आप लोग अभी तक नाराज़ हो? पप्पा म्हणाले, तू रोज जेवायला येत जा, मग विचार करू.

ती रोज नाही, पण दर रविवारी यायला लागली. मी चर्चमधून परत यायच्या आत ती घरी पोचलेली असायची आणि पप्पांशी गप्पा मारत बसलेली असायची. पप्पांनी तिला मराठीतले मोजके शब्द शिकवले — ये, बस, जेव, पुरे. त्यातला ‘पुरे’ तिने कधी वापरला नाही. एकदा थंडीत आमच्या घरी दही लागेना, तेव्हा तिने विरजण लावलं, पातेलं गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवलं, आणि सकाळी सुरीने कापावं असं दही लागलं. पप्पा म्हणाले, ‘‘हिचा हातगुण चांगला आहे.’’ तिने अर्थ विचारला. पप्पांनी हिंदीत सांगायचा बराच प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही. शेवटी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि मान डोलावली. तिला कळलं. पुढच्या वेळी तिने पप्पांसाठी घरून एक निळा खेस आणला, वडिलांनी विणलेला. तो आजही पप्पांच्या पायांवर असतो.

मी हे सगळं का लांबवते आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

आमचं काम थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळणार नाही. माणसाच्या शरीरातलं एखादं प्रोटीन औषधासाठी हवं असलं, तर आम्ही त्याची कृती, म्हणजे जीन, एका साध्या जिवाणूत घालतो आणि त्याच्याकडून ते करवून घेतो. प्रोटीन म्हणजे एक लांब धागा. तो नीट घडी घालून दुमडला तरच कामाचा. जिवाणू गरम असला की घाई करतो, धागे भराभर काढतो, घड्या घालायला त्याला उसंत मिळत नाही. मग अर्धवट दुमडलेले धागे एकमेकांना चिकटतात आणि त्या पेशीच्या एका कोपऱ्यात गुठळी होऊन बसतात. यालाच आम्ही इन्क्लुजन बॉडी म्हणतो. पेशी फोडून यंत्रात गरगर फिरवली की वरचं पाणी नितळ राहतं आणि तळाला खडूसारखा पांढरा थर बसतो. तुमचं प्रोटीन वरच्या पाण्यात असलं तर तुम्ही पेढे वाटता. तळाच्या थरात असलं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यावर सोपा उपाय असतो — जिवाणूला थंड ठेवायचं. अठरा अंशांवर तो सावकाश काम करतो आणि बहुतेक वेळा घड्या नीट घालतो. त्यासाठी आमच्याकडे एक थंड शेकर होता. शेकर म्हणजे फ्रिजएवढं कपाट, आत फ्लास्क ठेवले की रात्रभर हलत राहतात. तो मागच्या एका लहान, कोंदट खोलीत होता, तिथे एसी नव्हता. तो वापरायच्या दोघीच — ती आणि मी. आणि त्या शेकरची जबाबदारी माझ्याकडे होती. दारावर एक कागद लावलेला असायचा: तारीख, तापमान, सही. रोज सकाळी ते मी भरायचं.

सकाळी मी लवकर पोचत असे, ती संध्याकाळी उशिरापर्यंत थांबे. त्यामुळे आमची एक वाटणी ठरून गेली होती. ती संध्याकाळी फ्लास्क लावून जायची, आणि सकाळी मी तिचे फ्लास्क काढून कोल्ड रूममध्ये, म्हणजे चार अंशांच्या खोलीत, नेऊन ठेवायची. ती दहाला आली की तिथून घ्यायची. माझ्या रविवारच्या चर्चसाठी शनिवारी ती फ्लास्क लावतच नसे. इतकं सगळं सुरळीत चाललं होतं. आमचे गाइड सर म्हणायचे, या दोघी मिळून एक चांगला शास्त्रज्ञ आहेत. कोणती किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. तिचा हात सफाईचा होता. प्रयोगशाळेत आम्ही हाताबद्दल फार बोलतो, तुम्हाला गंमत वाटेल. सगळं पुस्तकाप्रमाणे करूनही एकाचं जमतं, दुसऱ्याचं जमत नाही, तेव्हा मोठमोठे शिकलेले लोकसुद्धा म्हणतात — उसका हाथ अच्छा है. सुनीताचा हाथ अच्छा था. सगळे म्हणायचे. माझ्याबद्दल म्हणायचे, लीना बहुत मेहनती है.

एप्रिलमधली एक सकाळ. मी शेकर उघडला, फ्लास्क उचलला — आणि तो कोमट लागला.

आकडा अठराच दाखवत होता. मी पाण्याचा एक फ्लास्क आत ठेवला, त्यात थर्मामीटर सोडला आणि तासाभराने पाहिलं. एकतीस. गार करणारं यंत्र बंद पडलं होतं आणि आकडा जागच्या जागी गोठून बसला होता. यात माझा काय दोष? काहीच नाही. यंत्र आहे, बिघडायचंच. धावत जाऊन सांगायचं, इंजिनिअरला फोन करायचा, संपलं.

पण एक भानगड होती. दर मार्चमध्ये इंजिनिअरला बोलावून शेकर तपासून घ्यायचा नियम होता. त्या मार्चमध्ये मी विसरले होते, आणि विसरले हे लक्षात आल्यावर तपासणीच्या स्टिकरवर तारीख मीच माझ्या हाताने घातली होती. म्हटलं, कोण बघतंय. आता इंजिनिअर आला असता तर ते उघडं पडलं असतं. सर चिडले असते, चारचौघांत बोलले असते. म्हणून मी ठरवलं — आज नको, उद्या काहीतरी कारण काढून बोलावू. त्या दिवसाची सही केली. अठरा अंश.

दुसऱ्या दिवशीही केली.

असं वाटतं ना, की माणूस एखाद्या दिवशी उठून दुष्टपणा करायचा ठरवतो? मला तो दिवस आठवत नाही. मला फक्त एवढं आठवतं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी माझे फ्लास्क उचलून तळमजल्यावरच्या दुसऱ्या गटाच्या जुन्या शेकरमध्ये नेले. सुनीताला म्हटलं, इथे तुझी गर्दी होते, तू ऐसपैस वापर. तिने मला मिठी मारली. तळमजल्यावर माझं प्रोटीन वरच्या पाण्यात आलं. तिचं सगळं तळाला बसलं.

आणि मग मे महिन्यात सरांनी सांगितलं की पीएचडीनंतर प्रकल्पावर एकच जागा आहे, ऑक्टोबरमध्ये कमिटी बसेल. एकच.

आता पुढचं मला नीट सांगायचं आहे, गुळगुळीत करून नाही. मेपर्यंत मी घाबरट होते. मेनंतर मी घाबरट नव्हते. स्टिकरचं प्रकरण तोवर शिळं झालं होतं, दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि विसरलं गेलं असतं. मेनंतर मी रोज सकाळी तिचा कोमट फ्लास्क हातात घ्यायची आणि मला बरं वाटायचं. हो — बरं वाटायचं. तो फ्लास्क मी चार अंशांच्या खोलीत नेऊन ठेवायची, म्हणजे दहा वाजता तिच्या हाताला तो थंडच लागावा. मी तिच्यावर जो उपकार करत होते ना, तोच माझा पडदा होता. तिने एकदा जरी स्वतः फ्लास्क काढला असता, तरी तिच्या हाताला एका क्षणात कळलं असतं. संध्याकाळी लावताना फ्लास्क गरमच असायचे, आणि आकडा अठरा दाखवायचा. म्हणून मी एक दिवसही रजा घेतली नाही. ताप असताना गेले. पप्पा म्हणाले, एवढी काय निष्ठा.

तिने काय नाही केलं? जिवाणू बदलले, पाणी बदललं, कृती नव्याने बांधली. पांढरा थर जागचा हलेना. मग तिने थरालाच हात घातला. युरियाच्या कडक द्रावात गुठळी विरघळवायची, सगळे धागे सोडवायचे आणि युरिया थेंबाथेंबाने कमी करत त्यांना पुन्हा घड्या घालायला लावायचं. अवघड, चिकाटीचं काम. स्वेटर घालून ती कोल्ड रूममध्ये तास न् तास उभी राहायची, बाहेर दिल्लीचा जून तापलेला असायचा. थोडं प्रोटीन सुटायला लागलं होतं. आज मी ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही अशा गुठळ्या मुद्दाम करवून घेतो, कारण त्यात माल स्वच्छ आणि भरपूर मिळतो; नंतर तो उलगडायचा. हे उलगडणं ज्याला साधतं त्याला इथे फार मान आहे. ती ते एकोणीस वर्षांपूर्वी एकटीने करत होती, आणि शरमेने करत होती, साधं काम जमलं नाही म्हणून.

जुलैमध्ये एकदा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळं झालेलं. तिने विचारलं, ‘‘लीना, शेकर ठीक है ना?’’

मी म्हणाले, ‘‘बिल्कुल. मैं रोज़ देखती हूँ, यार.’’

झालं. हेच ते. बाकी सगळं — सही, स्टिकर, कोल्ड रूम — एका बाजूला, आणि हे वाक्य एका बाजूला. तिने लगेच मान हलवली. पुढे काही विचारलं नाही, थर्मामीटर घेतला नाही. मी सांगितल्यावर तिने कशाला बघावं? कुंपणानेच शेत खाल्लं तर शेताने कुणाकडे जायचं?

ऑक्टोबरमध्ये कमिटी बसली. माझ्या आलेखांवर मान डोलावली गेली. तिच्या वेळी एक वयस्कर सदस्य म्हणाले की मुलगी कष्टाळू आहे, पण बेंचवरच्या कामाला हात लागतो, तो नसावा. हे त्यांनी तिच्यासमोर म्हटलं. बाहेर आली तेव्हा तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते. कमिटीनंतर ती पंधरा दिवस आली, मग दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. पीएचडी अर्धवट राहिली. नोव्हेंबरात थंडी पडली, ती कोंदट खोली आपोआप गार झाली. आणखी महिनाभर ती थांबली असती तर बिघडलेल्या शेकरमध्येही तिचं प्रोटीन वर आलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी दिवस मोजत होते.

ती गेल्यावर मी शेकरवर ‘खराब है’ असा कागद लावला आणि इंजिनिअरला बोलावलं. तो आला, नखाएवढा एक तुकडा बदलला आणि वीस मिनिटांत निघून गेला. स्टिकरकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

पप्पा कितीतरी रविवार विचारत राहिले, पानिपतची मुलगी का येत नाही. मी म्हणायची, तिचं लग्न ठरलंय. पुढे ते खरंही झालं. जागा मिळाल्याबद्दल पप्पांनी मला दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये नेलं होतं, मराठी जेवण खायला. वेटरला म्हणाले, तीन ताटं — मग आठवलं आणि दोन म्हणाले.

आता पप्पांना पार्किन्सन आहे. हात थरथरतात, पावलं अडखळतात. पण गेल्या वर्षापासून आणखी एक सुरू झालं. त्यांना माणसं दिसतात. आधी कपाटावर मांजर दिसायची, मग दारात दोन लहान मुली. डॉक्टरांनी मला समजावून सांगायला सुरुवात केली आणि माझा व्यवसाय कळल्यावर थांबले. काय सांगणार? पप्पांच्या मेंदूतल्या पेशींत गुठळ्या झाल्या आहेत. एका प्रोटीनची घडी चुकली, धागे एकमेकांना चिकटले आणि पेशीच्या आत गोळे होऊन बसले. मी आयुष्यभर जे पातेल्यातून खरवडत आले, ते आता पप्पांच्या डोक्यात आहे आणि तिथे युरिया ओतता येत नाही. काही जण म्हणतात, पेशी बिचारी स्वतःला वाचवायला घाण एका कोपऱ्यात गोळा करून ठेवते. म्हणजे मीही तसंच केलं, असं मी एकदा स्वतःला ऐकवून पाहिलं. बरं वाटलं ते ऐकायला. पण खोटं होतं. पेशीला माहीत नसतं. मला माहीत होतं.

एका दुपारी चारला मी चहा घेऊन बाल्कनीत गेले, तर पप्पा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होते. म्हणाले, ‘‘पानिपतची मुलगी आलीय. तिला चहा?’’

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका. मी आत जाऊन तिसरा कप आणला. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. पप्पा तिच्याशी गप्पा मारायचे, निळ्या खेसाचे धागे थरथरत्या बोटांनी ओढत राहायचे. मी समोर बसायची आणि त्या खुर्चीकडे बघायची नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर चार वाजता पडलेलं असायचं. नंतर तिसरा कप मी सिंकमध्ये ओतायची. असे चार-पाच महिने गेले.

या मार्चमध्ये ती खरोखरच आली. कुणाकडून तरी पप्पांच्या आजाराचं कळलं होतं. फोन केला, पत्ता तोच आहे का विचारलं आणि पानिपतहून सकाळची गाडी पकडून आली. केस पुढे पांढरे झालेत, हसणं तेच. हातात नवा खेस. पप्पांना जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, ये, बस, आज उशीर केलास. तिला ते दोन शब्द आठवत होते. ती त्याच खुर्चीत बसली.

सासरचा चादरींचा कारखाना आहे, तिथे ती पॅकिंग बघते. सगळं छान आहे म्हणाली. पप्पांना मधेच काहीतरी आठवलं आणि ते म्हणाले, हिला दही लावायला सांग. मी हिंदीत सांगितलं. ती ओशाळून हसली.

‘‘दही तो सासूमाँ लगाती हैं, अंकल. मेरे हाथ का जमता नहीं अब.’’ मग माझ्याकडे वळून, अगदी सहज म्हणाली, ‘‘हाथ ही ख़राब था यार मेरा. तूने तो देखा था, कितनी कोशिश की थी. अब बेटी दसवीं में है, बायो लेना चाहती है. मैंने मना कर दिया. बोला, कॉमर्स ले. हाथ माँ पे गए हैं उसके.’’

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. एकोणीस वर्षं तयार होतं. शेकर ख़राब था — तीन शब्द. त्या मुलीचा फॉर्म भरायला अजून दिवस होते. मी तोंड उघडलं आणि विचारलं, चीनी और डालूँ?

ती म्हणाली, नहीं. निघताना तिने पप्पांच्या पायांवर नवा खेस घातला, त्यांनी तो काढून जुना ओढून घेतला. ती मला बिलगली आणि म्हणाली, तूच माझी सगळ्यात चांगली मैत्रीण होतीस. मी तिला खालपर्यंत सोडायला गेले, ऑटोत बसवलं आणि हात हलवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पप्पा पुन्हा त्या खुर्चीकडे बघून हसले. मी तिसरा कप ठेवला. मग काय झालं मला, कोण जाणे. मी पहिल्यांदा त्या खुर्चीकडे नीट पाहिलं आणि बोलायला लागले. हिंदीत, कारण तिच्याशी मी हिंदीतच बोलते. शेकर ख़राब था. मुझे पता था. पहले हफ़्ते से पता था. स्टिकर, सही, कोमट फ्लास्क, कोल्ड रूम, जुलै, दिवाळी — सगळं. तेरा हाथ ठीक था, असंही म्हटलं. वेताची ती खुर्ची, वर एक उशी. मी उशीला सांगत होते.

पप्पा ऐकत होते की नाही, मला माहीत नाही. त्यांची नजर खुर्चीवरून हलली, सावकाश दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

‘‘गेली ती,’’ ते म्हणाले. ‘‘चहा न घेता गेली.’’

त्यानंतर ती पप्पांना दिसलेली नाही. मांजर दिसते, लहान मुली दिसतात. चार वाजता मी दोनच कप करते. पप्पा कधीकधी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, तू तिला काय बोललीस?

म्हणून सुरुवातीला म्हटलं, कुणालाही सांगितलेलं नाही. खुर्ची धरायची नाही. या वर्षीचं कन्फेशन झालं. तेव्हाही मी ते पान उलटलं.

एप्रिल उलटला. इकडच्या शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. पानिपतला एका मुलीने कॉमर्सची पुस्तकं आणली असतील, त्यांना कव्हरं घातली असतील. माझ्या फोनमध्ये सुनीताचा नंबर आहे. हिंदी मला चांगलं लिहिता येतं, लहानपणापासून दिल्लीत वाढले आहे, माझी मुलं तर हिंदीतच भांडतात. तरी हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. सुनीताला मराठी वाचता येत नाही.